डीडीटीचा चुलतभाऊ आणि आमचा गोट्या

गेल्या पावसाळ्यात आमचा गोट्या घरात मुतायला लागला.

गोट्या म्हणजे आमचा डॅशहंड. वय साडेअकरा, वजन नऊ किलो, स्वभाव शिस्तीचा. तीन मजले उतरून खाली नेईपर्यंत दम धरणारा. तो अचानक सोफ्याच्या पायाशी, स्वयंपाकघराच्या दारात, एकदा तर माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर मोकळा झाला. आम्ही आधी त्याला रागावलो. मग म्हातारपण म्हणून सोडून दिलं. मग मी एक गोष्ट केली, जी सांगायला अजून लाज वाटते. रात्री नऊनंतर मी त्याची पाण्याची वाटी उचलून ओट्यावर ठेवायला लागले. पाणीच नाही तर मुतेल कुठून, असा साधा हिशोब.

चौथ्या रात्री आईला जाग आली तेव्हा गोट्या बाथरूमची ओली फरशी चाटत होता. आईने मला उठवलं. ओरडली नाही. "तहान लागलीय गं त्याला," एवढंच म्हणाली आणि वाटी भरली. त्याने ती एका दमात संपवली आणि दुसरीची वाट बघत उभा राहिला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचाच. "दिवसाला किती पितो? मोजून सांगा." मोजलं. एक लिटर चारशे मिली. कुत्रा दिवसाला किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर कुठेतरी बिघाड आहे, असं पशुवैद्यक धरतात. म्हणजे गोट्याची मर्यादा ९००.

मग रोज डोळ्यांसमोर असून न दिसलेल्या बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. सुटलेलं पोट, ज्याला आम्ही लाडाने ढेरी म्हणत होतो. दोन्ही कुशींवर सारखेच विरळ झालेले केस. कागदासारखी पातळ कातडी. पंख्याखाली बसूनही लागलेली धाप. आणि भूक तर अशी, की आजी म्हणायची, "याच्या पोटात वडवानल आहे."

आठ तासांत तीनदा रक्त काढलं. निदान झालं: कुशिंग्ज.

"औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ताई, हे औषध डोळ्यांत तेल घालून द्यायचं. एक वेळ जरी खायला नाही म्हणाला, तरी पुढची गोळी थांबवायची आणि मला फोन करायचा."

हे वाक्य डोक्यात अडकलं. कुत्रा जेवला नाही तर थांबवायचं, असं कसलं औषध? त्या रात्री मी वाचायला बसले. दोन-तीन आठवडे वाचतच राहिले. आणि त्या वाचनात एका वळणावर आमची आजी भेटली.

*

आधी आजाराबद्दल थोडं.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. त्यांच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसोल तयार होतं. संकटात शरीराला उभं करणारं, साखर वाढवणारं, सूज दाबणारं हे संप्रेरक. ते किती बनवायचं याचा हुकूम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. शाळेच्या पुस्तकात तिला पियुषिका म्हणायचे. वाटाण्याएवढ्या या ग्रंथीत एखादी बारीक गाठ झाली की हुकूम सुटतच राहतात, आणि अ‍ॅड्रिनल बिचाऱ्या कॉर्टिसोल ओतत राहतात. संकट नसतानाही शरीर कायम संकटात असल्यासारखं वागतं. कुत्र्यांमधल्या दर दहापैकी आठ-साडेआठ केसेस अशा पिट्युटरीच्या असतात. उरलेल्यांत गाठ थेट अ‍ॅड्रिनलमध्येच असते.

हे कोडं ज्याने सोडवलं तो हार्वी कुशिंग. जन्म १८६९, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा. आधुनिक मेंदू-शस्त्रक्रियेच्या पायाभरणीत त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. १९१२ साली त्याने पिट्युटरीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात २३ वर्षांच्या एका तरुणीची नोंद आहे, मिनी जी. एवढ्याच नावाने. सुटलेलं पोट, गोल झालेला चेहरा, पाळी बंद, अंगावर लव. तिला काय झालंय हे कुशिंगला तेव्हा नेमकं सांगता आलं नाही. वीस वर्षं तो अशी माणसं गोळा करत राहिला. १९३२ साली १२ रुग्णांची हकीकत एकत्र मांडून त्याने सांगितलं, की हे सगळं पिट्युटरीतल्या एका बारीकशा गाठीमुळे होतं. आजाराला त्याचं नाव लागलं.

पण त्याच्या आधीचं एक साल फारसं सांगितलं जात नाही. १९१०. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या प्रयोगशाळेत कुशिंग आणि त्याचे दोन सहकारी, क्रो आणि होमन्स, एका प्रश्नाच्या मागे होते: पिट्युटरी काढून टाकली तर प्राणी जगतो का? उत्तरासाठी त्यांनी सुमारे शंभर शस्त्रक्रिया केल्या. सगळ्या कुत्र्यांवर.

म्हणजे माणसाच्या पिट्युटरीबद्दल कुशिंगला जे उमगलं, त्याच्या पायाशी कुत्री आहेत. आणि गंमत म्हणा किंवा क्रूर थट्टा म्हणा, हा आजार मुळात कुत्र्यांनाच जास्त होतो. माणसांमध्ये वर्षाला दहा लाखांत जेमतेम दोन-तीन नवे रुग्ण सापडतात. कुत्र्यांमध्ये हजारात एक-दोन.

*

आता १९३९ हे साल लक्षात ठेवा.

त्या वर्षी बेल्जियममध्ये दोन पशुवैद्यकांनी, व्हर्स्ट्राटे आणि थूनेन यांनी, पिट्युटरीच्या बिघाडाच्या कुत्र्यांची हकीकत छापली. कुत्र्यांमधल्या कुशिंग्जच्या पहिल्या नोंदी म्हणून आज त्यांच्याकडे बोट दाखवलं जातं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्वी कुशिंग वारला. आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बासेलला, गायगी कंपनीत, पाउल म्युलर नावाच्या रसायनतज्ज्ञाला असं एक संयुग सापडलं ज्याला नुसता स्पर्श झाला तरी माशा मरत होत्या. संयुग नवं नव्हतं, १८७४ मध्येच कुणीतरी बनवून ठेवलं होतं. त्याचा उपयोग म्युलरला कळला. डायक्लोरो-डायफिनाइल-ट्रायक्लोरोइथेन. डीडीटी.

इथे आजी भेटते.

आजीचं बालपण कोकणातलं. मी जेवताना डीडीटीचा विषय काढला तेव्हा तिचा चेहरा खुलला. "फवारणीवाले यायचे ना आमच्याकडे! पाठीला पंप. सगळं सामान अंगणात काढायचं, भिंती पांढऱ्या करून जायचे. दारावर तारीख लिहायचे. ढेकूण तर असे गेले म्हणतेस!"

आजी सांगते तो काळ पन्नाशीतला. आपल्याकडे हे काम त्याच्याही आधी सुरू झालं होतं. तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून कारवार आणि धारवाड जिल्ह्यांतल्या गावांमध्ये घराघरांत डीडीटी फवारायला घेतलं. १९५३ साली देशभराचा मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आला. त्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात, असा सरकारी अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखावर आला. पुढे मलेरिया परत आला, डास डीडीटीला पुरून उरले, ते वेगळं. पण आजीच्या दोन भावंडांना पाळीचा ताप यायचा आणि मग तो यायचा थांबला, हे तिच्या लेखी डीडीटीचं पुण्य आहे. ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही.

म्युलरला १९४८ साली नोबेल मिळालं. आणि नेमक्या त्याच सुमाराला आमच्या गोट्याच्या औषधाची गोष्ट सुरू झाली.

*

डीडीटीच्या एका टोकाला क्लोरीनचे तीन अणू असतात. त्यातला एक काढून हायड्रोजन बसवला की होतं डीडीडी. डीडीटीचा चुलतभाऊच. हेही कीटकनाशक म्हणून विकलं जायचं, आणि डीडीटीपेक्षा सौम्य समजलं जायचं. ते किती सौम्य आहे हे तपासण्याचं काम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत आलं. नेल्सन आणि वुडर्ड या दोघांनी ते कुत्र्यांना खाऊ घातलं. नंतर त्यांची चिरफाड केली तेव्हा यकृताला इजा झालेली दिसली, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा बाहेरचा थर झिजून गेला होता. १९४९ मध्ये त्यांनी हे सविस्तर छापलं.

उंदरांमध्ये, सशांमध्ये असं काही होत नव्हतं. कुत्र्यांमध्येच होत होतं. जणू या विषाने कुत्र्याच्या शरीरातलं एक दार हेरून ठेवलं होतं.

हे कळून झाल्यावरही डीडीडीचा वापर चालूच राहिला. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं तळं आहे. तिथे चिलटांसारखे बारीक किडे फार होते, मासेमारीला येणाऱ्यांना त्रास व्हायचा. म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ असं तीनदा त्या तळ्यात डीडीडी सोडलं. पहिल्यांदा प्रमाण होतं सात कोटी भाग पाण्यात एक भाग. नगण्यच. पण शेवाळातून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत ते साठत गेलं. मासे खाणारे ग्रीब पक्षी मरायला लागले, तेव्हा त्यांच्या चरबीत दहा लाखात सोळाशे भाग डीडीडी निघालं. एके काळी हजार जोड्या होत्या तिथे तीसेक उरल्या. रेचल कार्सनच्या १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात ही हकीकत आहे. त्याच ठिकाणी कुत्र्यांच्या अ‍ॅड्रिनलचाही उल्लेख आहे, आणि तेच रसायन माणसाच्या कॅन्सरवर वापरून बघत असल्याचाही.

हो, कारण दरम्यान कुणाच्या तरी डोक्यात उलटा विचार आला होता. हे विष अ‍ॅड्रिनल मारतं ना? मग ज्या माणसाला अ‍ॅड्रिनलचा कॅन्सर झालाय, त्याला दिलं तर?

पन्नाशीच्या शेवटी एक गोष्ट उघड झाली. बाजारातलं डीडीडी शुद्ध नसायचं. त्यात त्याचाच एक जुळा भाऊ भेसळीसारखा मिसळलेला असायचा, ज्यात क्लोरीनचा एक अणू वेगळ्या कोपऱ्यात असतो. त्याचं नाव ओ-पी-डीडीडी. अ‍ॅड्रिनल मारण्याचं खरं काम तो करत होता. म्हणजे औषध निघालं ते कीटकनाशकातली अशुद्धता म्हणून. १९६० मध्ये कॅन्सरच्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले, १९७० मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. नाव मायटोटेन.

आणि १९७३ साली, कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी ते पुन्हा कुत्र्यांकडे आणलं. या वेळी कुशिंग्ज झालेल्या, कुणाच्या तरी घरच्या कुत्र्यांकडे. पंचवीस वर्षांपूर्वी कुत्र्यांमध्ये दिसलेली इजा आता मापात करायची होती. ग्रंथीचा वरचा थर जाळायचा, पण सगळा नाही.

*

मायटोटेन कसं द्यायचे हे वाचताना डॉक्टरांच्या त्या वाक्याचा मला उलगडा झाला.

आधी आठ-दहा दिवस रोज मोठा डोस. मग आठवड्याला एक-दोनदा, आयुष्यभर. प्रश्न असा, की रोजचा डोस थांबवायचा कधी? एक दिवस आधी थांबवलं तर आजार तसाच. दोन दिवस उशीर झाला तर ग्रंथी पार मरते, कॉर्टिसोल संपतं, कुत्रा उलट्या करत कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. रक्ताची तपासणी रोज करता येत नाही. मग मोजायचं कशाने?

पाण्याच्या वाटीने. मालकाला सांगायचे, रोज पाणी मोजा आणि जेवताना समोर उभे राहा. वाटीतलं पाणी कमी व्हायला लागलं, जेवता जेवता कुत्रा मधेच थांबून तुमच्याकडे बघायला लागला, की बास. तिथेच थांबवा, फोन करा.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. जगभरातल्या स्वयंपाकघरांत माणसं वाटीशेजारी उकिडवी बसून बघत होती, आज किती प्यायला, कसा जेवला. तीच वाटी मी उचलून ओट्यावर ठेवली होती.

*

गोट्याला मात्र मायटोटेन मिळालं नाही. त्याला मिळालं ट्रायलोस्टेन.

हे औषधही आधी माणसांसाठी होतं. अमेरिकेतल्या स्टर्लिंग-विन्थ्रॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं. कॉर्टिसोल बनतं ते कोलेस्टेरॉलपासून, एकेक पायरी चढत. ट्रायलोस्टेन मधली एक पायरी अडवतं. पेशी मारत नाही, कारखान्याचा एक पट्टा बंद पाडतं. काही तासांनी असर ओसरला की पट्टा पुन्हा सुरू. माणसांच्या कुशिंग्जवर ते फारसं चाललं नाही. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात आलं आणि १९९४ मध्ये बाजारातून गेलं.

कुत्र्यांवर मात्र ते चाललं. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांनी नव्वदीच्या शेवटी ते वापरून पाहिलं. २००१ मध्ये तिथे त्याला कुत्र्यांचं औषध म्हणून परवाना मिळाला, व्हेटोरिल या नावाने. अमेरिकेत २००८ उजाडलं. मधल्या काळात, १९९७ मध्ये, अमेरिकेने सेलेजिलिन या दुसऱ्याच औषधालाही मान्यता दिली होती. ते मूळचं हंगेरीतलं, पार्किन्सन्सवर वापरलं जाणारं. पण पुढच्या अभ्यासांत कुशिंग्जच्या बहुतेक कुत्र्यांना त्याचा फारसा उपयोग होताना दिसला नाही.

मग जुनं चांगलं की नवं? २००५ मध्ये ब्रिटनमध्ये १४८ कुत्र्यांची नोंद तपासली गेली. मायटोटेनवर मध्यमान आयुष्य ७०८ दिवस, ट्रायलोस्टेनवर ६६२. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक धरण्यासारखा नाही. दोन वर्षांच्या अलीकडे दोन्ही. ज्यांना हा आजार होतो ती कुत्री मुळातच म्हातारी असतात. नवं औषध निवडलं जातं ते जास्त जगवतं म्हणून नव्हे. चूक झाली तर बहुतेक वेळा परत फिरता येतं म्हणून.

"बहुतेक वेळा" हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत. क्वचित ट्रायलोस्टेननेही ग्रंथी मरते. आणि ते हाताळतानाही जपावं लागतं. माझी वहिनी तेव्हा गरोदर होती, तिने त्या कॅप्सूलला हातसुद्धा लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कॅप्सूल उघडून अर्धी करायची नाही. उपाशीपोटी द्यायची नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ती मिळालीच नाही. डॉक्टरांनी मागवून दिली.

*

अकराव्या दिवशी सकाळी गोट्याने पोळीचा तुकडा हुंगला आणि तोंड फिरवलं.

तीन महिने वडवानल असलेला कुत्रा. आजी म्हणाली, "बरं झालं, हावरटपणा कमी झाला." आई म्हणाली, "रुसला असेल." मीही एरवी तेच म्हटलं असतं. पण त्या वाट्या माझ्या डोक्यात होत्या. मी हातातली कॅप्सूल डबीत परत टाकली आणि फोन केला.

रक्तात कॉर्टिसोल खूप खाली गेलं होतं. पाच दिवस औषध बंद. मग पुन्हा सुरू, आधीपेक्षा कमी डोसने. "वेळेवर कळवलंत," डॉक्टर म्हणाले. मी त्यांना सांगितलं नाही, की हे मला पन्नास वर्षांपूर्वीच्या एका जहाल औषधाच्या सूचनांनी शिकवलं होतं.

या सगळ्या इतिहासाचं काय करायचं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. शंभर शस्त्रक्रिया, डीडीडी खाल्लेली ती कुत्री, क्लिअर लेकचे पक्षी. त्यातल्या कुणी काही देऊ केलं नव्हतं, त्यांच्याकडून घेतलं गेलं. गोट्याची कॅप्सूल थेट त्या विषापासून बनलेली नाही हे खरं. पण अ‍ॅड्रिनलला आवर घालून कुत्र्याला वाचवता येतं, हे ज्ञान तिथूनच आलंय. ते नाकारून मी गोट्याला तहानलेला ठेवणार आहे का? नाही. मग निदान ते ठाऊक तरी असावं, एवढंच वाटतं.

आजीला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या भिंतीवरचं ते, आणि याच्या पोटातलं हे, एकाच घरातलं म्हण की."

"तसं नाही गं. याचं वेगळं आहे. आधीचं होतं ते त्या घरातलं."

"तेच ते," आजी म्हणाली आणि गोट्याच्या वाटीकडे बघून मला सांगितलं, "आज साडेसहाशे प्यायलाय. लिहून ठेव."

फ्रिजवर कागद लावलाय. रोजचं पाणी त्यावर लिहितो. गोट्याच्या कुशीवर केसांची बारीक लव परत आली आहे. रात्री वाटी भरलेली असते.